पुतण्याच्या शैक्षणिक कर्जावर सही करू की नको?

परशुरामघाट

मंडळी, घरगुती पेच आहे. नात्यातल्या कुणाला विचारायची सोय नाही, म्हणून इथे विचारतो.

माझा थोरला भाऊ चिपळूणला असतो. बाजारपेठेत त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. २०२१ च्या जुलैतला पूर आठवत असेल. दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं, गिऱ्हाइकांच्या मोटारी चिखलातून उपसून काढल्या. दुकान पुन्हा उभं करायला काढलेलं कर्ज आत्ता कुठे संपत आलंय. पुतण्या लोणेऱ्याहून केमिकल इंजिनिअर झाला आणि दोन वर्षं लोट्याच्या एका कारखान्यात पाळीवर जातोय. हातात चोवीस हजार येतात. पोरगा कष्टाळू आहे, व्यसन नाही, थोडा अबोल आहे.

आता त्याला अमेरिकेत एम.एस.ला प्रवेश मिळालाय. विषय डेटा अ‍ॅनालिटिक्स. फी, राहणं, तिकीट, विमा सगळं धरून ४५ लाख. सरकारी बँकेत गेलो तर तिथे म्हणाले की घर पूररेषेत येतं, तारणाला चालणार नाही. दापोलीकडे कलमांची बाग आहे, तर शेतजमीन घेत नाहीत. मग ज्या कन्सल्टंटने प्रवेश करून दिला त्यानेच एक फायनान्स कंपनी गाठून दिली. विनातारण, १२ टक्के, आठवड्यात मंजुरी. अट एकच, सहकर्जदार पगारदार हवा. आमच्या घरात पगारदार मी एकटा. ठाण्यात राहतो, फ्लॅटचे हप्ते अजून सात वर्षं आहेत, मुलगी दहावीत.

आणि खरी गोम पुढे आहे. २००५ साली मी स्वतः २ लाख ४० हजारांचं कर्ज काढून शिकलो. तेव्हा शाखेतल्या साहेबांनी जामीन मागितला आणि दादाने दुकान अर्धवट बंद करून येऊन सही केली. 'किती टक्के', 'फेडशील ना' असं एका शब्दानं विचारलं नाही. सही केली, मला कटिंग पाजला आणि परत दुकानात गेला.

दादा आजही मला 'सही कर' म्हणालेला नाही. वहिनींनी फोनवर फक्त 'कागद कुरियरने पाठवलेत' एवढंच सांगितलं. कागद समोर टेबलावर आहेत. काय करू?

घाटावरचा

सही करा! शिक्षणावरचा पैसा कधी वाया जात नसतो. गाडीचं कर्ज काढताना आपण इतका विचार करतो का? शोरूमबाहेर पडल्या पडल्या गाडीची किंमत उतरते, तरी हसत हप्ते भरतो. इथे तर पोराचं आयुष्य उभं राहतंय.

आणि रुपयाकडे बघा. २०१० साली डॉलर ४५ च्या आसपास होता, आता नव्वदच्या घरात आहे. कमाई डॉलरमध्ये आणि कर्ज रुपयांत, म्हणजे रुपया जितका घसरेल तितकं कर्ज हलकं. दोन वर्षांत मोकळा होईल.

काउंटर_क्रमांक_४

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालोय. शेवटची नऊ वर्षं कर्ज विभागात होतो. भावनेचं तुम्ही बघा, मी कागदाचं सांगतो.

पहिलं, जामीनदार आणि सहकर्जदार. लोकांना वाटतं जामीनदार म्हणजे नुसतं नाव. करार कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. सहकर्जदार तर कर्जदारच. उद्या तिथून हप्ता आला नाही तर कंपनी अमेरिकेत फोन करत बसणार नाही, ती ठाण्याला येणार. पूर्ण ४५ लाख तुमच्या सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या नावच्या कर्जांच्या नोंदीत, आजपासून दिसतील. तीन वर्षांनी तुमच्या मुलीसाठी कर्ज मागायला गेलात की तिथला अधिकारी हे आधी बघेल.

दुसरं, प्राप्तिकराचं कलम ८०ई (१९६१ च्या कायद्यातलं). व्याजावर वजावट मिळते, तिला वरची मर्यादा नाही, परतफेड सुरू झाल्यापासून आठ वर्षं मिळते. पण कर्ज स्वतःच्या, नवरा-बायकोच्या, मुलांच्या किंवा तुम्ही कायदेशीर पालक असाल त्या विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी हवं. पुतण्या त्यात बसत नाही. कन्सल्टंटने 'टॅक्स वाचेल' असं सांगितलं असेल तर विसरा. शिवाय नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०ई कुणालाच नाही.

तिसरं, बाग. शेतजमिनीला सरफेसी कायदा लागत नाही. म्हणजे कोर्टात न जाता जप्ती करून विकण्याचा जो अधिकार बँकेला मिळतो, तो शेतीवर चालत नाही. म्हणून कुठलाही मॅनेजर सातबारा पुढे केला की मान हलवतो. त्यात कोकणातला सातबारा म्हणजे एका गुंठ्यावर सतरा नावं. तुमची काय स्थिती आहे कुणास ठाऊक.

आता हिशेब. समजा पहिल्या वर्षी २५ लाख उचलले आणि दुसऱ्या वर्षी २०. कोर्स दोन वर्षांचा, वर सहा महिने सवलत. १२ टक्क्यांनी, अगदी सरळव्याज धरलं तरी अडीच वर्षांत ११ लाख १० हजार व्याज चढतं. हप्ते सुरू होतील तेव्हा आकडा ५६ लाखांच्या वर असेल. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिना साधारण ८० हजार ५०० रुपये. ही सरळव्याजाची गोष्ट झाली. सरकारी बँका शिक्षण चालू असताना बहुधा सरळव्याज लावतात, खासगी फायनान्स कंपन्या पुष्कळदा दर महिन्याचं व्याज मुद्दलात मिळवत जातात. मंजुरीपत्रात ती ओळ शोधा. नसली तर लेखी मागा.

अवांतर: २००५ मध्ये चार लाखांपर्यंत बाहेरच्या जामिनाची गरज नव्हती. तुमच्या भावाला शाखेने उगीच दुकान बंद करायला लावलं. असे साहेब मी पुष्कळ पाहिलेत, आणि खोटं कशाला बोलू, तरुणपणी दोनदा मीही तसंच केलंय.

हप्तेबाज

काकांनी मोठ्या कर्जाचं गणित मांडलं, मी लहानाचं सांगतो. लोक दोन्हींची गल्लत करतात.

मी पुण्यात इंजिनिअरिंग केलं. दरवर्षी दीड लाख, चार वर्षांत ६ लाख, दर १० टक्के. कोर्स संपून एक वर्षानं हप्ते सुरू. तोपर्यंत व्याज झालं २ लाख १० हजार, म्हणजे परतफेडीला उभा राहिलो ते ८ लाख १० हजार घेऊन. दहा वर्षांचा हप्ता १०,७०० च्या आसपास. पहिला पगार हातात २५ हजार. बड्या आयटी कंपन्यांचं नवख्यांना साडेतीन लाखांच्या आसपासचं पॅकेज मी शाळेत होतो तेव्हाही होतं, मी लागलो तेव्हाही तेच. फी मात्र कुठच्या कुठे गेली.

त्यातही ऑफर लेटर हातात आणि रुजू व्हायची तारीख नऊ महिने पुढे ढकलली. बँकेचं कॅलेंडर कुणासाठी थांबत नाही. ते नऊ महिने मी दुसरीकडे डेटा एंट्री केली.

माझ्या रूममेटच्या वडिलांनी मात्र शहाणपणा केला. ते एसटीत होते. त्यांनी पहिल्या महिन्यापासून नुसतं व्याज भरलं. पहिल्या वर्षी महिना १,२५०, मग २,५००, मग ३,७५०, मग ५,०००. कर्ज तेवढंच, कॉलेज तेच. पण तो परतफेडीला आला तेव्हा मुद्दल ६ लाखच होतं, आणि वेळेवर व्याज भरलं म्हणून बँकेने दरात एक टक्का सूटही दिली. त्याचा हप्ता ७,६००. माझ्यापेक्षा महिना तीन हजार कमी, दहा वर्षं. हे मला बँकेत कुणी सांगितलं नव्हतं.

परशुरामघाट, तुमच्या केसमध्ये व्याज भरायचं म्हटलं तर पहिल्याच वर्षी महिना २५ हजार. पुतण्याचा आजचा अख्खा पगार.

घाटावरचा

८० हजार रुपये म्हणजे ९०० डॉलर. तिथे भाड्याच्या खोलीचा खर्च. तुम्ही लोक उगाच घाबरवताय.

काउंटर_क्रमांक_४

तिथे नोकरी लागली तर ९०० डॉलर. परत यावं लागलं तर ८० हजार रुपयेच. आणि रुपया घसरला की दुसऱ्या वर्षाची फीसुद्धा रुपयांत फुगते, मंजुरीचा आकडा मात्र तोच राहतो. वरचा फरक कुठून आणणार?

परतपावली

बरेच दिवस फक्त वाचत होते, या धाग्यावर राहवलं नाही.

मी ३२ लाखांचं कर्ज काढून गेले होते. डिसेंबर २०२१ ला एम.एस. झालं, संगणकशास्त्र, मध्यम दर्जाचं सरकारी विद्यापीठ. तिथे डिग्रीनंतर एक वर्ष काम करायची परवानगी मिळते, विज्ञान-तंत्रज्ञानाचा विषय असेल तर अजून दोन वर्षं. म्हणजे तीन वर्षं. त्या काळात मालकाने तुमचं नाव एच-वन-बीच्या, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या, सोडतीत घालायचं. वर्षाला ८५ हजार जागा, आणि २०२३ साली नोंदण्या होत्या ७ लाख ८० हजारांवर. मला तीन संधी मिळाल्या, तिन्ही वेळा नाव आलं नाही. मधे एकदा नोकरीही गेली. बेकारीचे दिवस मोजून ९०, त्याच्या आत दुसरी शोधायची. एक्क्याऐंशीव्या दिवशी मिळाली. त्या काळात बाबांना फोनवर 'मीटिंगमध्ये आहे' सांगून मी कपडे धुवायच्या खोलीत बसून अर्ज भरायचे, कारण घरात आम्ही पाच जणी आणि भिंती पुठ्ठ्याच्या.

परत आले तेव्हा ९ लाख उरले होते. बाकीचं तीन वर्षांत तिथल्या पगारातून फेडलं. रविवारी दोन कुकर खिचडी करायची आणि गुरुवारपर्यंत खायची, अशा रीतीनं. आता पुण्यात चांगली नोकरी आहे, उरलेलं पुढच्या वर्षी संपेल. मला पस्तावा नाही. पण मी दुसऱ्याच वर्षी परत आले असते तर आमचं नाशिकरोडचं घर गेलं असतं, हेही तितकंच खरं. दोन गोष्टींमध्ये अंतर किती, तर ते नऊ दिवस.

अजून एक. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, त्यानं सगळीकडे घबराट झाली. तिथेच शिकून व्हिसाचा प्रकार बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही असं ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्पष्ट केलं. तेव्हा 'आता सगळं संपलं' म्हणणारेही चूक. पण दहा वर्षांचा हप्ता अशा देशाच्या भरवशावर घ्यायचाय जिथे नियम वर्षाला बदलतो, एवढं पक्कं.

परशुरामघाट काका, मला एकच विचारायचंय. केमिकलचा मुलगा डेटा अ‍ॅनालिटिक्सला कसा काय चाललाय? त्याला आवडतं की कुणी सुचवलं?

परशुरामघाट

परतपावली ताई, नेमकं बोट ठेवलंत. काल रात्री त्याला फोन करून विचारलं. आधी 'स्कोप आहे' म्हणाला. मग म्हणाला, कन्सल्टंटने सहा विद्यापीठांची यादी दिली होती, त्यात केमिकल एकातच होतं आणि तिथे 'उशीर झाला'.

कन्सल्टंटची फी किती म्हणून विचारलं. म्हणाला, 'काका, फुकट.'

चहाबाज

फुकट! काउन्सेलिंग फुकट, अर्ज फुकट, कर्जाची धावपळ फुकट. एसी ऑफिस, भिंतीवर स्वातंत्र्यदेवता, आल्यागेल्याला कॉफी. मग त्यांच्या घरची चूल कशावर पेटते? विद्यापीठाकडून दर विद्यार्थ्यामागे दलाली, कर्ज देणाऱ्याकडून दर फाईलमागे दलाली. गाय विकणारा कधी सांगेल का की ती लाथ मारते?

सगळेच तसे नसतात, हे चहा थंड व्हायच्या आत मान्य करतो. पण जो तुम्हाला पैसे मागत नाही त्याचा गिऱ्हाईक तुम्ही नसताच.

खडूफळा

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. नाव सांगत नाही, जिल्हाही नाही.

आपण 'शैक्षणिक कर्ज फायद्याचं का' असा सरसकट प्रश्न विचारतो तिथेच फसतो. कर्ज कधी 'शिक्षणा'वर नसतं, ते एका कॉलेजवर, एका शाखेवर आणि एका पहिल्या पगारावर असतं. माझ्या एकाच वर्गात दोन मुलं होती. दोघांनीही कर्ज काढलेलं. एक कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीतून आला, शिष्यवृत्तीत अर्धी फी सुटली, कर्ज फक्त मेस आणि हॉस्टेलपुरतं उरलं, चौथ्या वर्षी कॅम्पसमधून लागला. दुसऱ्याला दुसऱ्या वर्षी चार केटी राहिल्या आणि वर्ष गेलं. बँकेने पुढचा टप्पा सोडला नाही, कारण निकालाशिवाय सोडतच नाहीत. त्यानं शिक्षण सोडलं. डिग्री नाही, कर्ज आहे. अशांना कुठलीच योजना धरत नाही. जाहिरातीत फक्त पहिला मुलगा असतो.

आणि कर्जाकडे वळायच्या आधी लोक हक्काचं सोडून देतात, याचा मला फार राग येतो. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न त्याच मर्यादेत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरी दरवर्षी ऑगस्टमध्ये एक तरी बाप मंगळसूत्र गहाण टाकून आलेला असतो, कारण महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज कुणी भरून दिला नाही किंवा उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळाला नाही.

परशुरामघाट, तुमच्या मुलीसाठीही हे लक्षात ठेवा. पगार मर्यादेत बसत नसेल तर सोडा.

परशुरामघाट

बसत नाही. 'पगारदार' म्हणून कर्जाला चालतो, सवलतीला चालत नाही. असो.

रातपाळी

मी नर्स आहे, बी.एस्सी. नर्सिंग. वरच्या लाखांच्या आकड्यांपुढे माझं कर्ज म्हणजे चिल्लर, साडेतीन लाख. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, स्वतःचे पैसेही घालावे लागत नाहीत. तरी आमच्या तालुक्याच्या शाखेने तीन वेळा परत पाठवलं. एकदा फॉर्म संपले, एकदा साहेब रजेवर, एकदा 'मुलीला कर्ज काढून शिकवताय? लग्नात काय करणार?' हे बाबांना विचारलं, माझ्यासमोर. बाबा काही बोलले नाहीत. बाहेर येऊन मला म्हणाले, 'तू फॉर्म त्या विद्यालक्ष्मीवर भर, कॉम्प्युटर लग्नाचं विचारत नाही.' पोर्टलवर अर्जाला नंबर पडला, लेखी नकार द्यायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या बँकेने आठवड्याभरात दिलं.

सगळं फेडून झालंय. माझं कर्ज फायद्याचं ठरलं का विचाराल तर डोळे मिटून हो. कारण मला माहीत होतं की नर्सला काम मिळणारच आणि साधारण किती मिळणार. हप्ता पगाराच्या सहाव्या हिश्शात बसत होता. मला कधी झोप उडाली नाही. म्हणजे उडायची, पण ती ड्युटीमुळे.

स्टुटगार्टकर

तुमच्या पुतण्याचा मूळ विषय केमिकल आहे हे वाचून लिहितोय, जर्मनीतून.

इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, फक्त सत्राची किरकोळ वर्गणी. मी ज्या राज्यात राहतो ते बाडेन-वुर्टेमबर्ग अपवाद आहे, युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो घेतात. व्हिसासाठी खर्चाची तरतूद म्हणून एका बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी ठेवावे लागतात, दर महिन्याला त्यातले ९९२ मिळतात. रुपयांत १२ लाखांच्या पुढे जातं. पण तो खर्च नव्हे, तुमचेच पैसे महिन्याच्या मापानं परत येतात. वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं.

साखर पेरत नाही. एपीएस नावाची कागदपत्र-तपासणी आहे, तिला वेळ लागतो. शिक्षण इंग्रजीत मिळालं तरी कारखान्यात नोकरी हवी तर जर्मन बी-वन, बी-टू पातळीपर्यंत हवंच. रासायनिक उद्योगात सुरक्षेच्या सूचना जर्मनमध्येच असतात, तिथे 'थोडं थोडं येतं' चालत नाही. आणि हिवाळा. चिपळूणचा पाऊस सोसलेला माणूस टिकेल म्हणा.

पण इथे १५-१८ लाखांचं कर्ज आणि लोट्यातल्या दोन वर्षांच्या अनुभवाची किंमत, हे गणित ४५ लाखांच्या डेटापेक्षा मला तरी बरं दिसतं.

हप्तेबाज

बाहेरच जायला हवं असं कुठे आहे? गेटची परीक्षा देऊन एम.टेक. केलं तर महिना १२,४०० रुपये मिळतात. केमिकलवाल्याला माटुंग्याची आयसीटी आहे, जुने लोक यूडीसीटी म्हणतात ती. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. देशातल्या निवडक चांगल्या संस्थांत (सुरुवातीला ८६०) प्रवेश मिळाला तर कर्जाला तारण नाही, जामीन नाही. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत. परदेशासाठी मात्र नाही.

घाटावरचा

म्हणजे पोरानं स्वप्नच बघू नये, असं सगळ्यांचं म्हणणं दिसतंय. त्याचे वडील मोटारी गुंडाळतात, म्हणून त्यानंही लोट्यातच वास घेत राहावं? श्रीमंताची पोरं जातात तेव्हा कुणी गणित मांडत नाही. गरिबाच्या पोराच्या वेळेलाच सगळे मास्तर होतात.

परतपावली

घाटावरचा, तुमचा राग मला समजतो. मी गेले तेव्हा आत्याने हेच सगळं बाबांना ऐकवलं होतं, आणि मला वाटलं होतं जळतात. पण श्रीमंताचं पोर हरलं तर ते एक वर्ष हरतं. आमच्यासारख्यांचं हरलं तर घर हरतं. गणित त्यासाठीच मांडायचं. मी जाऊ नको म्हणत नाहीये. माझं म्हणणं इतकंच की जो जाणार त्यानं ते गणित स्वतःच्या हातानं मांडलेलं असावं. मी गेले तेव्हा मला हप्ता किती येणार हे माहीत नव्हतं. पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबांनी व्हॉट्सअॅपवर व्याजाचं पत्रक पाठवलं, तेव्हा कळलं.

मांडवीकाठ

गोंयकार म्हणून थोडी भर. आमच्याकडे गोवा शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देतं. रहिवासी दाखला लागतो, धावपळ होते, पण व्याज शून्य म्हटल्यावर हप्त्याची भीती निम्मी होते. माझ्या धाकट्या बहिणीनं घेतलं. महाराष्ट्रात ओबीसी महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे असं ऐकून आहे, जाणकारांनी लिहावं.

काउंटर_क्रमांक_४

आहे. कर्ज बँकेचंच घ्यायचं, नियमित हप्ते भरायचे, व्याज महामंडळ खात्यात परत करतं. आधी भरा मग मिळेल, असा मामला. त्यामुळे ज्याला महिन्याचा मेळ बसत नाही त्याला त्याचा आधार उशिरा पोचतो.

परशुरामघाट, काय ठरलं?

परशुरामघाट

उशीर झाला उत्तराला. मागच्या शनिवारी चिपळूणला जाऊन आलो. कागद घेऊन गेलो होतो, कोरेच.

जेवणं झाल्यावर ओटीवर बसलो. पुतण्याला म्हटलं, तुझा फोन काढ आणि हप्त्याचं कॅलक्युलेटर उघड. आकडे मी सांगितले नाहीत, त्यालाच भरायला लावले. ८० हजार ४८७ आलं. त्यानं मुदत पंधरा वर्षं करून पाहिली, तरी ६७ हजार. मग बराच वेळ नुसता आकडे खालीवर करत बसला. दादा शेजारी बसून सुपारी कातरत होता. त्यानं विचारलं, 'किती?' पोरानं फोन त्याच्यापुढे धरला. दादा चष्मा नसताना दिसतं असं दाखवतो. 'हं' म्हणाला.

मग मी विचारलं, हप्ता दोन वर्षं भरला आणि तिसऱ्या वर्षी परत यावं लागलं तर? तो म्हणाला, 'तर तुम्ही भराल, असं यांनी धरलंय.' यांनी म्हणजे कन्सल्टंटने. मग म्हणाला, 'मला केमिकलच करायचं होतं, काका.'

सही केलेली नाही. नाहीही म्हटलेलं नाही. ठरलंय ते असं: या वर्षीचा प्रवेश सोडायचा, अनामत रक्कम बुडते ती मी सोसतो. गेटचा फॉर्म भरायचा आणि चिपळुणात जर्मनचा क्लास नाही म्हणून ऑनलाइन सुरू करायचं. जे आधी जमेल ते. परदेशी गेला आणि कर्ज पंधरा-अठरा लाखांच्या आत असलं तर त्या कागदावर मी सही करणार, हे दादाला तिथेच सांगितलं. घाटावरचा, स्वप्न बंद केलेलं नाही हो, गाव बदललंय फक्त.

कन्सल्टंटचे रोज तीन फोन येतात. कालपासून दर ११.७५ वर आणलाय.

वहिनी माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. निघताना डब्यात आंबोळ्या दिल्या, पण चटणी दिली नाही. दादा स्टँडवर सोडायला आला. रिक्षात म्हणाला, 'तुझ्या वेळी दोन चाळीस होतं ना रे?' मी हो म्हटलं. 'तेव्हा मला ते खूप वाटलं होतं,' एवढंच बोलला.

रातपाळी

चटणीचं वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. पुढच्या खेपेला वहिनींसाठी काहीतरी घेऊन जा.

काउंटर_क्रमांक_४

ठीक केलंत. कर्ज अठरा लाखांचं म्हटलं तरी साडेसात लाखांच्या वर सरकारी बँक बहुधा तारण मागेल. तेव्हा वर्षभर हातात आहे तर एक काम करून ठेवा. घर पूररेषेतल्या निळ्या (कडक मनाईच्या) पट्ट्यात येतं की लाल (सौम्य निर्बंधांच्या), ते नगरपरिषदेतून लेखी घ्या. लाल असेल तर दुसऱ्या बँकेच्या मूल्यांककाचं मत वेगळं पडू शकतं. आणि मिळकत पत्रिकेवर नाव कुणाचं आहे? तारणासाठी तेच आधी बघतात.

परशुरामघाट

लाल आहे, हे माहीत आहे. मिळकत पत्रिका कालच काढली.

आजोबांचं नाव आहे. १९८७ ला गेले.